कागदावरचं कुंकू

दसऱ्याला आम्ही दुकानातली कात्री आणि गजकाठी पूजतो. यंदा साड्यांची लेबलं वाचणारं हातातलं मशीनही पुजलं. सुनेनं त्याचा कागद शेजारी ठेवला होता. त्या कागदावर काळ्या रेघांचे पट्टे आहेत. पहिला पट्टा मशीनला दाखवला की सेटिंग सुरू होतं, मधल्यांनी त्याला काम कळतं आणि शेवटच्या पट्ट्यानं ते पक्कं होतं. मी मशीनला कुंकू लावलं, कागदालाही लावलं.

दुसऱ्या दिवशी मशीन सगळं विसरलं होतं. मुलगा बायकोला म्हणाला, "तुला जमायचं न्हाय. माणूस बोलावतो आणि मशीन माझ्याकडं ठेवतो."

"थांबा की जरा," ती म्हणाली.

तिनं एकेक पट्टा दाखवला. शेवटच्यावर मशीन गप्प. माझं कुंकू नेमकं त्याच्यावर बसलं होतं. पुसायला गेले तर आणखी पसरलं.

"आत्या, तुम्ही हात लावू नका हो!" सून मला आत्याच म्हणते.

तिचं माहेर वडगावचं, साड्या विणायच्या मागावर वाढलेली पोर. कागद डोळ्याजवळ नेऊन ती म्हणाली, "रेघा ताण्याच्या उभ्या धाग्यांसारख्या वरून खालपर्यंत सरळ आल्यात. तळाला कुंकू न्हाय." तिनं मशीनचा लाल उजेड तिथं धरला. ते टिंग वाजलं.

पोरगी हट्टी आहे, मला लई आवडते. मशीन तिच्याकडंच राहिलं. मुलाला मी साड्यांच्या घड्या घालायला बसवलं.