बोकडाची तीट

मे महिन्यातला शनिवार. आजचं काम: सारखी बंद पडणारी माझी वेबसाइट उभी करणं.

हर्सूलचा तलाव कसा आटत चाललाय, त्याचे फोटो मी तिथं टाकते. एरवी ते माझी बहीणसुद्धा बघत नाही. परवा मात्र शेजारच्या मामांचा बोकड नव्या कॉलनीच्या टँकरचा नळ शिंगानं उघडून पाणी पिताना माझ्या फोटोत सापडला, आणि तो फोटो बघायला सगळं शहर लोटलं. वेबसाइट सांभाळणाऱ्या कंपनीनं कळवलं, भार कमी झाला नाही तर संध्याकाळी कायमची बंद करू.

मामा बेल वाजवत नाहीत, फाटकावर काठी आपटतात. होकारसुद्धा ‘नाय नाय’नंच सुरू करतात. आज हातात काजळाची डबी होती.

“ताई, बोकड पाल्याला तोंड लावंना. लई नजरा लागल्या.”

“मग त्याला तीट लावा.”

“नाय नाय, लावली की. पण लोक त्याला हितं बघतेत.” असं म्हणून त्यांनी काजळाचं बोट थेट माझ्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर टेकवलं.

“मामा, हे फक्त मलाच दिसेल. थांबा.”

मी फोटोतच बोकडाच्या गालावर ठिपका काढायला घेतला, तेव्हा कळलं की फोनमधला अवाढव्य फोटो मी तसाच चढवला होता; भार त्याचाच होता. ठिपका दिला, फोटो लहान करून पुन्हा टाकला. वेबसाइट सुरळीत चालू लागली.

“नाय नाय, उतरली बगा नजर,” मामा म्हणाले. मी फोटोच्या वजनाचं समजावेपर्यंत ते फाटकाबाहेर होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोकडानं माझी जास्वंद खाल्ली. त्याला हाकलून मी टेबल पुसलं. पडद्यावरचं काजळ तेवढं राहू दिलं.