जानकूला कावळा शिवला

घोडेगावच्या एसटी स्टँडामागं, पत्र्याच्या शेडात एक व्हिडिओ सेंटर होतं. पुढं पोरांसाठी गेमचा टीव्ही आणि पडद्यापलीकडं बाकडी टाकून सिनेमा. जानकू तिथं सांगणारा होता. म्हणजे इंग्रजी सिनेमा लागला, की टीव्हीशेजारी काठी घेऊन उभं राहायचं आणि कोण कुणाला काय म्हणालं ते मराठीत सांगायचं. इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं त्याला, पण बेट्याचं अडलं कधीच नाही! बाजाराला आलेली डोंगरातली माणसं सिनेमा बघायला कमी आणि जानकूला ऐकायलाच जास्त यायची.

दोन हजार चारच्या सुमाराला सेंटरचे मालक संपतशेठ मढी उठण्याचा सिनेमा घेऊन आले. पुढं पोरं जो गेम खेळायची, त्याच्यावरूनच काढलेला. एका खाणीत मेलेली माणसं उठतात, जित्याला चावतात, आणि चावलेला मरून पुन्हा उठतो. गेममध्ये मेलं तरी बटण दाबून उभं राहता यायचं, म्हणून पोरांना त्याचं काही वाटत नसे. मोठी माणसं मात्र जीव मुठीत धरून बसायची. त्यातल्या बंदूकवाल्या पोरीचं नाव जानकूनं सोनी ठेवलं होतं. त्याच्या थोरल्या बहिणीचं, सोनीबाईचं नाव. आईबाप गेल्यावर तिनंच त्याला भाकरी करून घालून वाढवला. आता ती लोणीला नांदत होती.

"सोने, मागं बग! मढं उठलं गं!" जानकू ओरडायचा आणि अख्खं शेड किंचाळायचं.

एके सकाळी जानकू शेडाबाहेर तोंड धूत होता, तर कावळ्यानं त्याच्या टाळक्यावर झडप घातली. कावळा डोक्याला शिवला म्हणजे मरण ओढवलं म्हणतात. उतारा एकच. आपण मेल्याचा खोटा सांगावा रक्ताच्या माणसाकडं धाडायचा. ते माणूस रडलं, की मरण टळतं. मग खरं काय ते कळवायचं. आधी सांगून चालत नाही, रडणं खरं लागतं.

संपतशेठनं लोणीला फोन करून कळवलं, "जानकू गेला." थोड्या वेळानं खरं सांगायला पुन्हा फिरवला, तर फोन लागेना. दुपारच्या खेळात मढी उठत होती, तेवढ्यात केस मोकळे सुटलेली एक बाई पडदा सारून हंबरडा फोडतच आत आली. माणसं अशी उधळली की विचारू नका! सोनीबाईनं भावाला उभा पाहिला आणि मटकन खाली बसली. मग उठून चपलेनं असा बडवला, असा बडवला!

"मुडद्या, काळीज फाटलं की रं माजं!" ती रडतही होती, हसतही होती. जाताना म्हणाली, "कावळा मलाबी शिवंल कदी. तवा तुजी पाळी. खरंखुरं रडायचं, सांगून ठिवते."

हा किस्सा जानकू आल्यागेल्याला रंगवून सांगायचा.

पुढच्या साली, आखाडातल्या एका बाजारच्या दिवशी, संपतशेठ फोन ठेवून आले ते तोंड उतरवूनच.

"जानकू, लोणीवरनं सांगावा हाय. सोनीबाई गेली. रातच्याला छातीत कळ आली म्हनं. लुगडं घिऊन ये म्हनलेत."

सवाष्ण बाई गेली, की तिच्या अंगावर माहेरचं लुगडं भावानं घालायचं असतं. त्यासाठी मयत थांबवून ठेवतात. जानकूला हे काय ठाऊक नव्हतं? पण तो हसला.

"शेट, कावळा शिवला तिला! लुगड्याचंबी सांगायला लावलं बगा. लई पक्की हाय."

मग आठवलं, आपल्याला रडायचंय. बाकड्यावर बसून त्यानं काय काय आठवून पाहिलं. पण प्रत्येक वेळी ती चप्पल घेऊन उभी राहायची आणि हसूच फुटायचं. तेव्हा मात्र तो चरकला. आपण रडलो नाही, तर तिचं मरण टळायचं कसं? डोळे चोळचोळून त्यानं थोडं पाणी काढलं.

"जाऊन तरी यी," संपतशेठ म्हणाले.

"खरं कळवायचा फोन यील की आता."

पहिला खेळ झाला. फोन वाजला नाही. दुसरा लागला, तोच मढी उठण्याचा. जानकू सांगत होता, पण कान सगळे बाहेरच्या फोनकडं. मढी उठायची वेळ आली आणि त्याच्या तोंडून शब्दच फुटेना. काठी तिथंच टाकून तो पळत सुटला.

हिरवं लुगडं घेऊन तो लोणीला पोचला, तेव्हा ओढ्याकाठी चिता निम्मी जळाली होती. सोनीबाईचे मालक सावळेराम त्याच्याकडं न बघताच बोलले.

"सकाळधरनं वाट बगितली, जानकू. बाया म्हनत व्हत्या, भाऊ येतोय, भाऊ येतोय. शेवटाला शेजारनीचं लुगडं घातलं."

जानकूनं घडी न मोडता लुगडं आगीत टाकलं. आणि मग तो रडला. अगदी खरंखुरं रडला. पण आता त्या रडण्याचा काय उपयोग, सांगा!

तो सिनेमा त्यानं पुन्हा सांगितला नाही. पुढं सेंटरही बंद पडलं आणि जानकू स्टँडवर चहाच्या गाड्यावर कपबशा विसळू लागला. तिथंच एकदा कावळ्यानं पुन्हा त्याच्या डोक्यावर चोच मारली. चहाला आलेले संपतशेठ झटकन उठले.

"थांब, सांगावा धाडू."

"बसा, शेट. कुनाकडं धाडता?" जानकू कप विसळत म्हणाला. "मला रडनारं एकच मानूस व्हतं."

संपतशेठ खाली बसले. चहा तसाच निवत राहिला.