एकशे ऐंशी अंशांची खुर्ची

देवळाली कॅम्पच्या शाळेत मी निवृत्त होईपर्यंत भूमिती शिकवली. सरळ कोन एकशे ऐंशी अंशांचा असतो, हे विधान मी फळ्यावर असंख्य वेळा लिहिले. हेच विधान पुढे करून कोणी माझ्या घरातल्या माणसाची पाठ मोडायला निघेल, असे मला कधी वाटले नव्हते. दोन हजारच्या दशकातली ही गोष्ट आहे आणि तिचा राग माझ्या मनातून अजून पुरता गेलेला नाही.

आमची एकुलती एक लेक कॅलिफोर्नियात होती आणि तिला दिवस गेले होते. बाळंतपणासाठी आम्ही दोघांनी यावे, म्हणून जावयांनी बिझनेस क्लासची तिकिटे देऊ केली. मुंबईहून पूर्वेला जायचे आणि तिथून पॅसिफिक महासागर ओलांडायचा. त्यांनी दोन कंपन्यांची माहितीपत्रके पाठवली. एक टोकियोमार्गे, दुसरी हाँगकाँगमार्गे. टोकियोच्या पत्रकावर त्यांनी लिहिले होते, ‘ही उत्तम वाटते, पण तुम्ही ठरवा.’

आमच्या घरात त्या वाक्याचा पुढचा अर्धा भाग कोणी वाचलाच नाही. जावयाने ‘उत्तम’ म्हटले, म्हणजे विषय संपला.

माझे यजमान पाटबंधारे खात्यात होते. पेठच्या घाटरस्त्यांवर खात्याच्या जीपमधून त्यांनी उमेदीची वर्षे घालवली आणि मणक्यांनी त्याची किंमत मोजली. त्याच वर्षी त्यांच्या पाठीची शस्त्रक्रिया झाली होती. प्रवासाला परवानगी देताना डॉक्टरांनी एकच अट घातली होती: फार वेळ बसायचे नाही, पूर्ण आडवे व्हायचे. आम्हाला बिझनेस क्लास हवा होता तो एवढ्यासाठी. चैनीसाठी नव्हे.

हे माझ्या दिरांना पटवणे अशक्य होते. सातपूरच्या ज्या कारखान्यात ते नोकरी करत, त्याने त्यांना एकदा जपानला पाठवले होते. तेव्हापासून विमान या विषयात घरातला शेवटचा शब्द त्यांचा. चहाचा कप हातात घेऊन ते सांगू लागले, “वहिनी, टोकियोच घ्या. मोजे देतात, टूथब्रश देतात, गरम रुमाल देतात. जेवण तर विचारू नका.”

“भाऊजी, पाठ आडवी होते का, ते सांगा.”

“अहो, इथे छापलंय ना, एकशे ऐंशी अंश. तुम्हीच तर शिकवता.”

इथे थोडे थांबून समजावून सांगायला हवे, कारण चूक नेमकी इथेच होते. एकशे ऐंशी अंश म्हणजे खुर्चीची पाठ आणि पाय ठेवायची बाजू एका रेषेत येतात, एवढेच. ती रेषा जमिनीला समांतर आहे, असे त्यातून सिद्ध होत नाही. भिंतीला टेकवलेली शिडीही सरळच असते, म्हणून तिच्यावर कोणी झोपत नाही. टोकियोच्या पत्रकातल्या चित्रात ती खुर्ची डोक्याकडे उंच आणि पायाकडे उतरती होती. हाँगकाँगच्या पत्रकात मात्र ‘जमिनीला समांतर’ असे स्पष्ट लिहिले होते. तिथे मधला थांबा लांबलचक होता आणि मोज्यांचा उल्लेख कुठेच नव्हता.

शब्दांनी भागेना, तेव्हा मी प्रयोग केला. आमचा पलंग, खाली ट्रंका राहाव्यात म्हणून, चारही पायांशी विटांवर चढवलेला होता. दिरांना पलंग धरायला लावून मी पायथ्याच्या विटा काढल्या. उतारावर सुपारी ठेवली. ती चादरीवरून गडगडत, पायथ्याशी बाहेर ओढून ठेवलेल्या ट्रंकेवर जाऊन आपटली. मग यजमानांना आडवे व्हायला सांगितले. थोड्याच वेळात ते टाचा रोवून स्वतःला वर ढकलू लागले. त्यांचा चेहरा मला दिसत होता. दिरांनाही दिसत होता.

“काही होत नाही,” यजमान म्हणाले.

“दादा, वहिनींनी विमानातसुद्धा फळा लावायचा ठरवलाय,” दीर हसले. “पाठीचं निमित्त बरं सापडलंय. फुकटच्या घोड्याचे दात मोजताय तुम्ही.”

यजमानही हसले. त्या हसण्याचा मला अधिक संताप आला. विटा पुन्हा लावत मी म्हणाले, “जावयांना मी फोन करते.”

“अजिबात नाही,” यजमान म्हणाले. “त्यांनी एवढं केलं आणि आपण खोड काढायची? काय म्हणतील?”

ज्या माणसाला ओणवे होऊन चप्पल घालता येत नव्हती, त्याला जावयाच्या मानाची काळजी होती. मी दुसऱ्या दिवशी सकाळी, ते फिरायला गेले असताना फोन लावला.

जावयांनी सगळे शांतपणे ऐकले. मग विचारले, “आई, शस्त्रक्रिया कुणाची?”

लेकीला सगळे कळवले आहे, असे यजमानांनी मला सांगितले होते. “बाबा तर म्हणाले, गुडघे जरा कुरकुरतात,” जावई म्हणाले. “मी जेवण बघून निवडलं हो. हाँगकाँगचं काढतो.” त्यांना तिळमात्र अपमान वाटला नव्हता. ज्याच्या मानासाठी एवढा खटाटोप चालला होता, त्याला त्या मानाचा पत्ताही नव्हता.

दुपारी लेकीचा फोन आला. ती रडत होती. यजमानांनी रिसीव्हर ठेवला आणि मला म्हणाले, “दिवस गेलेल्या पोरीला रडवलंस. मिळालं समाधान?”

“खोटं मी नाही बोलले.”

त्यानंतर प्रवासाच्या दिवसापर्यंत आमच्यात कामापुरते बोलणे होते. हाँगकाँगच्या विमानतळावर थांबा खरोखरच लांब होता. ते फेऱ्या मारत राहिले, मी सामानापाशी बसले.

महासागरावर आल्यावर परिचारिकेसारख्या हळुवार हातांच्या एका हवाईसुंदरीने त्यांची खुर्ची उघडून दिली. ते आडवे होण्याआधी मी पर्समधून तीच सुपारी काढून चादरीवर ठेवली. ती जागची हलली नाही.

“झाली का परीक्षा?” ते म्हणाले. “निदान मला विचारून फोन करायचा होतास.”

“तुम्ही नको म्हणाला असता.”

“म्हणालोच असतो.”

त्यांनी सुपारी उचलून माझ्या हातात दिली आणि आडवे झाले. टाचा रोवल्या नाहीत, वर सरकले नाहीत. थोड्या वेळाने घोरू लागले. मी सुपारी मुठीत घट्ट धरून बसले होते. रागावलेलीच होते.