बेडकाच्या पाठीवरचे बुडबुडे

आमच्या घरात मासे खायचे नाहीत हे ठरलेलं होतं. मासे धरायचे नाहीत असं मात्र कुणी ठरवलं नव्हतं, कारण ते ठरवायची वेळ येईल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. ती वेळ मी आणली.

आम्ही लिंगायत वाणी. तेलगावच्या चौकाजवळ आमचं किराणा दुकान. पुढे दुकान, मध्ये घर आणि बाजूला गुळाच्या ढेपा, पोती, रिकामे डबे ठेवायची एक खोली. अप्पा, म्हणजे माझे वडील, पहाटे अंघोळ करून इष्टलिंगाची पूजा करायचे, कपाळावर भस्माचे तीन आडवे पट्टे ओढायचे आणि मग दुकानाची फळी काढायचे. मीही पट्टे ओढावेत अशी त्यांची इच्छा होती. मी कॉलेजात गेल्यापासून ओढत नव्हतो. त्यावर ते काही बोलले नाहीत. अप्पा न बोलण्यात फार तरबेज होते.

माजलगावच्या धरणाचं पाणी आमच्या बाजूला बरंच आत आलेलं होतं. सायकल घेतली की मी तिथे गळ टाकून बसायचो. मासा लागला की हातात धरून नीट बघायचो आणि परत पाण्यात सोडायचो. घरी नेणार कुठे? मासे खाणाऱ्यांना कळत नव्हतं की हा सोडतो कशाला, आणि न खाणाऱ्यांना कळत नव्हतं की हा धरतो कशाला. दोन्हीकडच्या लोकांचं माझ्याबद्दलचं मत मात्र एकच होतं.

मला वेड होतं मरळीचं. मरळ हा मासा गवताच्या कडेला दबा धरून बसतो आणि बेडूक दिसला की झडप घालतो. म्हणून भोई लोक जिवंत बेडकाच्या पाठीत गळ ओवून तो पाण्यावर सोडायचे. मला ते पाहवायचं नाही. गळाला लागलेला मासा मी बघू शकत होतो, गळात ओवलेला बेडूक बघू शकत नव्हतो. यात काही तर्क नाही हे मलाही कळत होतं, पण तसं होतं खरं.

धरणाच्या वसाहतीत एक इंजिनिअर साहेब राहायचे. तेही सुट्टीच्या दिवशी गळ टाकायचे. त्यांच्या मेहुण्याने परदेशातून त्यांना एक प्लास्टिकचा बेडूक आणून दिला होता. मऊ, लिबलिबीत. दाबला की दबायचा, सोडला की पुन्हा बेडूक व्हायचा. त्याच्या पाठीतून गळ ओवायचा आणि गवतावरून उड्या मारत आणायचा. साहेबांनी माझ्यासमोर त्यावर मरळ धरली. मी त्या मरळीकडे बघितलंसुद्धा नाही. मी बेडूक हातात घेऊन बसलो आणि तिथेच ठरवलं की हा आपण बनवायचा.

ते दिवस उदारीकरणाचे होते. बाजार खुला झाला, बाजार खुला झाला असं पेपरात रोज छापून यायचं. तेलगावचा आठवडी बाजार आधीपासूनच खुला होता, त्यावर साधा पत्रासुद्धा नव्हता. पण चौकात एसटीडीचं पिवळं खोकं आलं होतं, आमच्या दुकानात परदेशी पेयाच्या बाटल्या आल्या होत्या, आणि ज्याला त्याला काहीतरी धंदा सुचत होता. मला बेडूक सुचला.

औरंगाबादला खेळाच्या आणि मासेमारीच्या सामानाचं एक दुकान होतं. साहेबांच्या ओळखीने मी तिथे जाऊन आलो. मालक म्हणाला, माल आणा, बघतो. वाळूजला बाहुल्या बनवणाऱ्या एका कारखान्यातून मी कॅनभर कच्चं प्लास्टिक आणलं. दिसायला ते अगदी दूध. तापवलं की आधी शिऱ्यासारखं घट्ट व्हायचं, आणखी तापवलं की पातळ आणि पारदर्शक. वास मात्र असा की आईने पहिल्याच दिवशी ती कढई स्वयंपाकघरातून कायमची हद्दपार केली. बाजूच्या खोलीत, गुळाच्या ढेपांशेजारी, माझा कारखाना सुरू झाला.

अप्पांनी हे सगळं बघितलं आणि जेवताना एकदाच विचारलं, "आता बेडूक बी परदेशातून यायलेत काय?"

"न्हाई अप्पा, आपण इथंच करायचेत."

"कोण घेतंय?"

"मासे धरणारे."

अप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, खाल्ला. मग म्हणाले, "दसऱ्यापर्यंत काय करायचं ते कर. मंग गल्ल्यावर बस."

म्हणजे दसऱ्यापर्यंत औरंगाबादच्या मालकाला पसंत पडेल असा बेडूक झाला पाहिजे, नाहीतर उरलेला जन्म साबुदाणा तोलण्यात. मला साबुदाण्याचा राग नव्हता. पण त्या गल्ल्यामागच्या गादीवर अप्पांच्या बसण्याने पडलेला खळगा होता, आणि तो दिसला की मी सायकल काढायचो.

साचे मी प्लास्टर ऑफ पॅरिसचे केले. साहेबांकडून मागून आणलेला बेडूक काचेवर पोट खाली करून चिकटवायचा, भोवती कडं लावायचं, वरून प्लास्टर ओतायचं. सुकलं की उलटं करून बेडूक काढून घ्यायचा. त्याच्या जागी बेडकाच्या आकाराचा खळगा राहायचा, त्याची पाठ तळाला. असे काही साचे मी फळीवर ओळीने मांडले. हिरव्या रंगासाठी दुकानातली रांगोळी घेतली आणि पहिला बेडूक ओतला. थंड झाल्यावर काढला तर पाय ठीक, डोळे ठीक, आणि पाठीवर देवी आल्यासारखे फोड. सगळे बुडबुडे.

बुडबुडा असला की काय होतं ते साहेबांनी समजावून सांगितलं. गळ नेमका पाठीतून जातो. तिथे पोकळी असली की प्लास्टिक फाटतं, बेडूक माशाच्या तोंडात राहतो आणि गळ आपल्या हातात. "बुडबुडा गेला पाहिजे," ते म्हणाले. एवढं मलाही समजलं होतं.

साहेबांचं म्हणणं पडलं की मी ढवळतो चुकीचं. ते खरं होतं. पिठलं घोटावं तसं मी ते घोटत होतो, त्यामुळे हवा आत जात होती. मी हळू ढवळू लागलो. बुडबुडे आले. मग साहेब म्हणाले की उंचावरून ओततोस, हॉटेलवाला चहा ओततो तसा. मी खाली वाकून, खळग्याच्या एका कडेने, बारीक धारेने ओतू लागलो. बुडबुडे आले. जास्त तापतंय म्हणून आच कमी केली, तर घट्ट होऊन बसलं. आच वाढवली, तर करपून पिवळं झालं आणि बुडबुडे आले ते आलेच. ओतण्याआधी कढई उतरवून निवांत ठेवली, फळीवर हळूच ठोके दिले, आईची दाभण घेऊन एकेक बुडबुडा टोचला. टोचलेल्या बेडकाला बुडबुड्याऐवजी भोकं पडली. साहेबांनी शेवटी हात टेकले आणि हवामानाला दोष दिला.

मी इतका वैतागलो होतो की एका सकाळी सगळे बेडूक पालथे करून त्यांच्याकडे नुसता बघत बसलो. तेव्हा दिसलं ते असं. हवा वर जाते. ढवळताना शिरलेली हवा असती, तर बुडबुडे वरच्या बाजूला, म्हणजे पोटावर असायला हवे होते. पोट गुळगुळीत होतं. सगळे बुडबुडे पाठीवर, प्लास्टरला चिकटलेल्या बाजूला. म्हणजे हवा प्लास्टिकात नव्हतीच. साचा ओला होता. तापलेलं प्लास्टिक पडलं की आतल्या पाण्याची वाफ होत होती आणि बेडकाच्या पाठीत शिरत होती.

अमावास्येला दुकान बंद असायचं. त्या दिवशी मी साचे पत्र्यावर उन्हात तापवले आणि दुपारी ओतले. एकही बुडबुडा नाही. मी तो बेडूक खिशात घालून चौकापर्यंत जाऊन आलो, काही काम नव्हतं तरी. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ओतले. पाठभर बुडबुडे.

रोज दुपारी ओतायची सोय नव्हती. अप्पा जेवून आडवे व्हायचे तेव्हा गल्ला मी सांभाळायचो, आणि संध्याकाळी गिऱ्हाईक. माझा कारखाना फक्त सकाळी चालायचा. मला वाटलं, दहिवर पडतं. मी साचे खिडकीपासून लांब, चुलीच्या भिंतीला लावून ठेवले. वरून पोतं टाकलं. सकाळी हात फिरवला की साचा वरून कोरडाच लागायचा, आणि ओतलं की बुडबुडे. एव्हाना नवरात्र बसायला आलं होतं. आता मला हवामानाचाही राग राहिला नव्हता. कुणीतरी हे मुद्दाम करतंय असं वाटायला लागलं होतं, आणि संशय घ्यायला घरात माणसं तरी किती?

एका पहाटे मी अप्पांच्या आधी उठलो आणि गुळाच्या ढेपांमागे जाऊन बसलो.

अप्पा आले. अंघोळ झालेली, अंगावर ओलं धोतर, हातात तीर्थाचा तांब्या आणि पळी. आधी दुकानात गेले, पडद्याच्या फटीतून मला दिसत होते. काट्यावर दोन थेंब, वजनांवर दोन थेंब, गल्ल्यावर दोन थेंब. हे ते रोज करायचे, मी लहानपणापासून बघत होतो. मग पडदा सारून ते खोलीत आले. साच्यांवरचं पोतं त्यांनी नीट घडी करून बाजूला ठेवलं. प्रत्येक खळग्यात एक पूर्ण पळी तीर्थ ओतलं. हात जोडले. प्लास्टरने ते पिऊन टाकेपर्यंत डोळे मिटून उभे राहिले, आणि पुन्हा पोतं टाकलं.

माझ्या डोक्यात सणक गेली. मी ढेपांमागून तसाच उभा राहिलो.

"अप्पा! तुमीच पाणी घालता व्हय?"

ते दचकले नाहीत. "पाणी न्हाई. तीर्थ हाय."

"पण कावून?"

भाजीत मीठ कावून घालता असं विचारल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "धंद्याचं सामान हाय. काट्याला घालतो, गल्ल्याला घालतो. तुझ्या धंद्याला कावून घालू नये?"

"मासे धरायचा धंदा हाय अप्पा ह्यो."

"म्हाईत हाय की. म्हणून तर जरा जास्त घालतो."

 तुझा धंदा म्हणाले. इतके दिवस मी समजत होतो की अप्पांच्या लेखी हा पोरखेळ आहे, दसरा आला की संपणारा. आणि हा माणूस रोज पहाटे, मी झोपेत असताना, माझ्या बेडकांना काट्याच्या आणि गल्ल्याच्या पंगतीला बसवत होता. मला भरून आलं. रागही तिथेच होता, तो काही गेला नव्हता. दोन्ही एकदम आल्यामुळे माझा आवाज विचित्र निघाला.

"त्या पाण्यानंच बुडबुडे यायलेत, अप्पा."

अप्पांनी फळीवरचा एक बेडूक उचलला, पाठ बघितली, अंगठ्याने दाबून बघितली. बुडबुडा बारीक आवाज करून फुटला.

"लई दिवस झाले असं व्हायलंय?"

"सुरवातीपासून."

"मंग मला आधी कावून न्हाई सांगितलंस?"

 आमच्या घरात न बोलण्यात दोघं तरबेज होते, हे मला तेव्हा कळलं. अप्पांनी बेडूक जागेवर ठेवला आणि तांब्या घेऊन बाहेर गेले. मी साचे पत्र्यावर नेऊन दिवसभर उन्हात ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोतं काढलं. हात फिरवला, कोरडे. ओतले. थंड झाल्यावर पहिला बेडूक सोलून काढला, पालथा केला. एकही बुडबुडा नव्हता. पण हिरव्या पाठीवर तीन आडवे पांढरे पट्टे होते. दुसरा काढला, त्यालाही पट्टे. सगळ्यांना.

अप्पांनी तीर्थ बंद केलं होतं. भस्म कोरडं असतं. त्यांनी प्रत्येक खळग्याच्या तळाला, म्हणजे नेमकं बेडकाच्या पाठीवर, तीन बोटं ओढली होती, आणि तापलेल्या प्लास्टिकने ती उचलून घेतली होती. मी साबण लावला, चिंध्यांनी घासलं, काही उपयोग झाला नाही. त्याच साच्यातून पुन्हा ओतलं की पट्टे पुसट यायचे, तिसऱ्यांदा ओतलं की नाहीसे व्हायचे. पण पहिली खेप पक्की. आईने एक बेडूक उजेडात धरून बराच वेळ बघितला.

"पोरगं लावीना," ती अप्पांना म्हणाली, "बेडकानं तरी लावलं."

तसलेच बेडूक घेऊन मी औरंगाबादच्या एसटीत बसलो. बिनपट्ट्याचे पुरेसे करायला वेळच नव्हता, दसरा तोंडावर आला होता. दुकानाच्या मालकाने बेडूक ताणला, पिळला, ट्यूबलाइटसमोर धरला. त्याच्या पाठीतून गळ ओवून जोरात ओढला. फाटला नाही.

"हे पट्टे कसले?" त्याने विचारलं.

"कंपनीचा शिक्का आहे," मी म्हणालो.

"कंपनी कुणाची?"

"वडलांची."

मालकाला शिक्का आवडला. बाहेरच्या मालासारखा वाटतो म्हणाला. आणखी बेडूक आणा, पण सगळे शिक्क्याचे, बिनशिक्क्याचा एकही चालणार नाही. परतीच्या एसटीत मी तेवढाच विचार करत होतो, कारण शिक्का फक्त पहिल्या खेपेला उठत होता आणि तो माझ्या हातात नव्हता. घरी आल्यावर मी अप्पांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि ते झोपायला गेले.

दसऱ्याच्या दिवशी मी गल्ल्यावर बसायचं ठरलं होतं. त्या सकाळी गल्ल्यावर आई बसली होती आणि गिऱ्हाइकाला पूजेचं सामान देत होती. अप्पा बाजूच्या खोलीत साच्यांपुढे मांडी घालून बसले होते. भस्माची वाटी गुडघ्याजवळ, बाही वर सारलेली. मी एकेक बेडूक काढत होतो आणि ते रिकाम्या साच्यात तीन बोटं ओढत होते.

"हात चालव जरा," ते म्हणाले, "फुडचा कवाचा गार झालाय."