आर्डिसचं पहिलं ‘नको’

आर्डिस होकान्सनला काही द्यायचं तर देणाऱ्यालाच घाम फुटतो. कॉफी विचारली की ती म्हणणार, “नको, कशाला उगाच.” पुन्हा विचारलं की, “तू स्वतःसाठी केलीच असशील तर बघ.” तिसऱ्यांदा विचारलं की कप पुढे करते, आणि तोही अर्धाच भर म्हणते. पण तिला एकटीला नावं ठेवून काय उपयोग? मिनेसोटाच्या या उत्तर टोकाला आम्ही सगळेच तसे. चर्चच्या तळघरात लिंबाच्या वड्यांचं ताट फिरलं की शेवटच्या वडीचे आधी दोन तुकडे होतात, मग चार, आणि उरलेला चतकोर ताटातच वाळतो. पहिल्या विचारण्यालाच हो म्हणणारा माणूस आमच्याकडे हावरट ठरतो.

आर्डिस माझी शेजारीण. वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून तिचं अर्धं आयुष्य गेलं. म्हाताऱ्यांना अंघोळ घालायची, कूस बदलून द्यायची, भरवायचं, सगळं तिने करायचं. पण कोणी दुखण्याने कळवळायला लागलं तर साधी गोळी द्यायचा अधिकार तिला नाही. नर्स येईपर्यंत नुसतं बघत राहायचं. पन्नाशी उलटल्यावर एके दिवशी तिने आमच्या कम्युनिटी कॉलेजात नर्सिंगला नाव घातलं. मी तिथेच लायब्ररीत काम करते, म्हणून मला कळलं तरी. कारण विचारलं तर म्हणाली, “बघत बसवत नाही गं आता, लॉइस.”

नोकरी सांभाळून तिने सत्रामागून सत्र पार पाडलं. राहिलं शेवटचं. त्यात दिवसभर हॉस्पिटलात शिकाऊ म्हणून राबायचं, म्हणजे नोकरी सोडणं आलं. नवरा डुएन बीटच्या साखर कारखान्यातून कमरेचं दुखणं घेऊन घरी बसलेला. शिष्यवृत्ती मिळाली तर आर्डिस नर्स होणार, नाहीतर आतापर्यंतची सगळी मेहनत पाण्यात.

आमच्या कॉलेजच्या शिष्यवृत्त्या गावातल्याच लोकांनी ठेवलेल्या आहेत. एक कोणा गाईवाल्याच्या आठवणीत, एक चर्चमध्ये गोधड्या शिवणाऱ्या बायकांची, अशा. कॉम्प्युटरवर त्या शोधून काढायला मीच तिला बसवलं. अर्ज सगळ्यांना मिळून एकच; फक्त स्वतःबद्दल पानभर लिहायचं, अडचणी काय आणि तुम्ही काय करून दाखवलंत ते. आर्डिसने पान भरून आणलं. डुएनच्या ऑपरेशनच्या वेळी कोणी कोणी जेवण पोचवलं, वर्गातल्या मुली किती हुशार आहेत, शिकवणाऱ्या बाई किती समजूतदार आहेत, सगळं होतं त्यात.

“यात तू कुठेयस?” मी विचारलं.

“खाली सही आहे ना.”

“सहीला कोण पैसे देतं! तू काय केलंस ते लिही.”

“म्हणजे फुशारकी मारू? माझी आई थडग्यातून उठून येईल.”

“येऊ दे. तिच्याकडूनही एक शिफारसपत्र घेऊ.”

शेवटी तिने लिहिलं. एका म्हाताऱ्याला असह्य दुखत होतं, नर्स दुसऱ्या खोलीत अडकली होती, आणि ती येईपर्यंत आर्डिस त्याचा हात धरून त्याच्याशी त्याच्या घोड्यांबद्दल बोलत राहिली, एवढंच. वाचून मला रडू आलं आणि मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, “मग खोडते.” मी तिच्या हातून अर्ज काढून घेतला आणि पाठवून दिला.

फेब्रुवारी अर्धा सरला तरी तिच्याकडून अवाक्षर नाही. एका सकाळी दोघी आपापल्या दारातला बर्फ उपसत होतो, तेव्हा मीच विषय काढला.

“फोन आला होता,” ती फावडं न थांबवता म्हणाली. “मॅरिसोल म्हणून मुलगी आहे ऑफिसात. फार गोड बोलली. मिळाली म्हणाली.”

“आर्डिस! आणि तू मला सांगितलं नाहीस?”

“मी म्हटलं, नको, माझ्याहून गरजू कोणाला तरी द्या. ती म्हणाली, नक्की? मी म्हटलं, हो हो. मग म्हणाली, किती मोठं मन तुमचं. आणि ठेवला फोन.” फावडं थांबलं. “पुन्हा करेल ना गं ती?”

“कधीची गोष्ट ही?”

“गेल्या आठवड्यातली. मी फोन खिशातच ठेवते. अंघोळीला जाताना डुएनकडे देऊन जाते.”

माझं डोकंच फिरलं. मॅरिसोल नुकतीच टेक्सासहून आलेली. तिकडे नको म्हणजे नको. त्या पोरीचं काय चुकलं? मला राग आला तो आम्हा सगळ्यांचा, आमच्या त्या अर्ध्या कपांचा.

“चल, आत्ताच्या आत्ता जाऊन सांग तिला,” मी म्हटलं.

“नको म्हटलेलं परत मागायला जाऊ? कुठल्या तोंडाने?”

“मग नको जाऊस. बस बघत.”

हे तिला लागलं. लागावं म्हणूनच मी बोलले होते. तिने फावडं भिंतीला टेकवलं आणि माझ्या गाडीत जाऊन बसली.

आम्हाला बघून मॅरिसोलचा जीव भांड्यात पडल्यासारखा दिसला. “बरं झालं आलात. तुमच्यानंतर मी यादीतल्या पुढच्या दोघींना फोन केले,” ती म्हणाली. “दोघीही नको म्हणाल्या. गरजूला द्या म्हणाल्या. या गावात तो गरजू राहतो तरी कुठे? उद्यापर्यंत कोणी घेतली नाही तर यंदाची शिष्यवृत्ती तशीच जाईल.”

मला हसू आवरेना. आर्डिस हसली नाही. खुर्चीच्या अगदी कडेला बसून ती हातमोजे पिळत होती. त्या दोघी कोण, हे ती आता विचारणार आणि उठून चालू लागणार, अशी मला भीती वाटली.

“त्यांनाही लागत असेल,” ती म्हणाली. “पण मलाही लागते. मी फोनवर खोटं बोलले. ही मिळाली नाही तर मला शिकणं सोडावं लागेल, आणि मला सोडायचं नाहीये.” तिची मान, कान, सगळं लालबुंद झालं होतं. “मला हवी आहे.”

इतक्या वर्षांच्या शेजारात हे शब्द मी तिच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. मला तिचा अभिमान वाटला आणि तिच्याकडे बघवेनाही.

मॅरिसोलने पेन उचललं, पण एवढे नकार ऐकून बिचारी पोळली होती. “नक्की ना, मिसेस होकान्सन?”

“लिही लवकर,” आर्डिस म्हणाली. “आणि पुन्हा विचारू नकोस, नाहीतर नको म्हणेन मी.”