बाटलीमावशींचा पास-नापास

आमच्या सासूबाई बाटल्या धुतात. विज्ञान संकुलात खाली कंपन्या, वर विद्यापीठाच्या प्रयोगशाळा आणि मागे आम्हा कामगारांची घरं. तिथली सगळी काच तेवीस वर्षं त्यांच्याच हाताखालून गेली. लोक त्यांना बाटलीमावशी म्हणतात.

त्यांची एक खोड आहे. धुतलेल्या काचेवर पाणी सोडायचं. पाणी सलग पसरत उतरलं तर पास, थेंब अडले तर नापास. मी लग्न होऊन आले तेव्हा मी घासलेले सगळे पेले नापास झाले होते. तो राग अजून आहे!

सासूबाईंचा पगार आणि आमचं घर शेवाळावर काम करणाऱ्या कंपनीकडून होतं. गेल्या वर्षी तिच्या साहेबांनी धुण्याचं यंत्र आणलं आणि सासूबाईंना महिन्याची नोटीस दिली. नोकरीबरोबर आमच्या दोन खोल्याही जाणार होत्या. नवरा घरं शोधत हिंडू लागला, मी सामान खोक्यांत भरायला घेतलं. सासूबाई मात्र डब्यासकट वेळेवर कामावर.

इकडे साहेबांचं शेवाळ वाढेना. त्यांनी दिवे बदलले, खत बदललं, शेवटी माणसांवर डाफरून झालं. वरच्या मजल्यावर विद्यापीठातल्या बाईंकडे तेच शेवाळ हिरवंगार होतं. त्यांच्या बाटल्या अजून सासूबाईच धूत होत्या.

नोटिशीचे आठ दिवस उरले असताना सासूबाई कंपनीतल्या धुण्याच्या खोलीची किल्ली परत द्यायला गेल्या. यंत्रातून निघालेली बाटली दिसली आणि हात शिवशिवले. पाणी सोडलं, तर काचभर थेंब.

"साहेब, यात तेलाचा अंश आहे."

"मावशी, नवंकोरं यंत्र आहे ते!"

"असेल. पण कोवळा जीव तेलात कसा वाढेल?"

यंत्र उघडलं. पंपातून तेल झिरपत होतं. सासूबाईंनी दहा बाटल्या हातानं धुऊन दिल्या. साहेबांनी त्यांत शेवाळ सोडलं. मग आम्ही सगळे त्या बाटल्यांवर डोळे लावून बसलो. सहाव्या दिवशी पाणी हिरवं झालं.

त्याच संध्याकाळी साहेब घरी आले. खुर्च्या बांधून झाल्या होत्या, म्हणून खोक्यावरच टेकले.

"नोटीस रद्द. यंत्र दुरुस्त होईल, पण तुम्ही पास केल्याशिवाय एकही बाटली बाहेर जाणार नाही. आणि घर सोडायचं नाही."

मी तर आनंदानं नवऱ्याच्या पाठीत धपाटाच घातला. सासूबाईंनी साहेबांना शांतपणे दारापर्यंत पोचवलं, कडी लावली आणि तिथेच खाली बसल्या.

"महिनाभर डोळ्याला डोळा लागला नव्हता गं माझा," त्या म्हणाल्या.