असिलबेकची व्होल्गा

सामुदायिक शेती मोडली, तेव्हा गावातल्या शहाण्या माणसांनी आपल्या वाट्याला गायी घेतल्या, मेंढ्या घेतल्या, निदान एखादा नांगर तरी. अनारकानच्या नवऱ्याने शेतीच्या अध्यक्षांची जुनी व्होल्गा घेतली. उभा जन्म ती गाडी चालवली आणि पुसली, म्हणून आपण मेकॅनिक आहोत असा असिलबेकचा समज होता. बिघाड झाला की दुरुस्ती शेतीचा मिस्त्री करायचा आणि हा शेजारी उभा राहून सिगारेट ओढायचा, हे गावाला ठाऊक होतं. अनारकानला तर लग्नाच्या पहिल्या वर्षापासून.

"गाय घेतली असती तर आज तिच्या नाती दूध देत असत्या," ती शेजारणींना सांगायची. "या बयेने थेंब गाळला तो तेलाचा, आणि तोही माझ्या लोकरी नमद्यावर."

दोन वर्षांपूर्वी मागच्या चाकाचं बेअरिंग फुटलं, चाक जाम झालं आणि गाडी गोठ्यातच बसली. असिलबेकने काराकोलच्या बाजारातून नवं बेअरिंग मागवलं. पण ते बसवायचं तर आधी मागचा एक्सल बाहेर ओढायला हवा, आणि एक्सल काही हलेना. रोज सकाळी असिलबेक निळा डगला चढवून गाडीखाली शिरे. ठोके पडत. दुपारी हात काळे करून तो जेवायला येई. त्याचा दोस्त ओस्मोन, शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेला, हात मागे बांधून सल्ले देई.

"तापव जरा," तो म्हणे. तापवून झालं की, "आता रॉकेल ओत."

"मीठ राहिलं, भावजी," अनारकान दारातून म्हणे. "चवीपुरतं."

यंदा शरदात मुलीने गाभण गाय पाठवली. समोरच्या डोंगरावर बर्फ उतरलं होतं आणि गाय उघड्यावर.

"गावात पहिलं बर्फ पडायच्या आत गाडी बाहेर काढ," अनारकानने बजावलं. "नाहीतर गाय आत येईल आणि अंगणात तू झोपशील."

"पोलाद आहे ते, म्हातारे. तुला काय कळतंय त्यातलं."

दोघा मित्रांनी मग एक्सलला दोर बांधून ओस्मोनचा घोडा जुंपला. घोड्याने ओढलं तशी एक्सलऐवजी अख्खी गाडीच सरकली आणि गोठ्याचा खांब वाकला. आवाज ऐकून अनारकान पिठाच्या हातात सुरी तशीच घेऊन आली. दोघांकडे तिने असं पाहिलं, की ओस्मोन घोड्याचा पट्टा नीट करायला लागला. ती स्वतःच चाकामागे वाकली आणि हातातल्या सुरीने तिथली चिकट माती खरवडू लागली.

"तीन बोल्ट मोकळे आहेत. चौथ्यावर नट तसाच आहे."

"चारही काढलेत मी."

"हा बघ ना. माझ्या बोटासमोर."

असिलबेक वाकला. त्याने पाना पुढे केला, चार बोटं अलीकडे, नुसत्या मातीच्या ढेकळावर टेकवला आणि जोर लावून फिरवायला लागला.

अनारकानच्या ओठांवर शब्द आलेच होते. पण तो पुन्हा तिथेच, त्याच ढेकळाशी झटत राहिला, आणि तिला एकदम त्याने वाचायचा सोडलेला पेपर आठवला. "पेपरात आता दम नाही," म्हणत होता. साखर समजून त्याने चहात घातलेलं मीठ आठवलं.

"किती बोटं आहेत ही?" तिने विचारलं.

"चेष्टा नको."

"किती?"

त्याने पाना खाली केला. मग म्हणाला, "धुकं असतं सगळं. दोन वर्षं झाली. गाडी चालू झाली असती तर तू म्हणाली असतीस, चल, बाजारात ने. मग काय सांगणार होतो?"

"जे आहे ते."

"अध्यक्षांच्या ड्रायव्हरने?"

तिला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून जास्तच राग आला. दोन वर्षं त्या ठोक्यांनी तिचं डोकं उठलं होतं.

"अध्यक्ष केव्हाच मातीत गेले," ती म्हणाली. "हात दे इकडे."

तिने त्याचा हात धरून पाना नटवर बसवला. नट कुरकुरला, मग सुटला. आता ओस्मोनने दोराला हिसका दिला आणि एक्सल इतक्या सहज बाहेर आला, की तो शेणात उताणा पडला. अनारकान पोट धरून हसली. हसता हसता तिने डोळे पुसले आणि चेहराभर पीठ माखलं.

त्याच आठवड्यात नवं बेअरिंग बसलं, गाडी अंगणात आली, गाय आत आली आणि असिलबेक काराकोलच्या इस्पितळात गेला. त्याने नको नको म्हटलं. अनारकानने ऐकून घेतलं आणि त्याचे बूट पुढ्यात ठेवले. दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढले. घरी परतल्यावर त्याने अंगणातल्या गाडीला फेरी मारली आणि गंजलेल्या दारावरून हात फिरवला.

"भंगार झालंय गं हिचं."

"वीस वर्षं दुसरं काय सांगतेय मी?"

वसंतात गाडी रस्त्यावर आली. अनारकान मागच्या सीटवर बसली, अध्यक्षांच्या जागी, आणि बाजार येईपर्यंत त्याच्या प्रत्येक वळणाला नाव ठेवत राहिली.